चटकमटक खाण्याचा मोह आणि किराण्याची यादी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

दुपार कलली की तोंड चाळवतं. पाय स्वयंपाकघराकडे वळतात, फडताळातलं पाकीट हाताला लागतं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत भूक मेलेली असते. हे रोजचं झालं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

‘उद्यापासून बंद’ हा निश्चय टिकत नाही, कारण तो निभवायची वेळ सगळ्यात वाईट असते. दिवसभराचा शीण, पोटात भूक, समोर पाकीट आणि अशा अवस्थेत स्वतःशी भांडायचं. हेच भांडण दुकानात, भरल्या पोटी, आठवड्यातून एकदा केलं तर पुष्कळ सोपं जातं. घरात आलेला खाऊ आज ना उद्या संपतोच, त्यामुळे तो घरात यावा की नाही हे ठरवण्याची खरी जागा दुकान आहे. मी याच वाटेने गेलो आहे. ज्या क्रमाने गेल्यास गोंधळ कमी होतो, तोच क्रम इथे देतो.

काय काय लागेल

- छोटी वही किंवा फोनमधली नोंदवही
- मागच्या दोन-तीन खरेद्यांची बिलं (ऑनलाइन मागवत असाल तर जुन्या ऑर्डरींची यादी)
- फोनमधला कॅल्क्युलेटर, लेबलावरचे आकडे पडताळायला
- झाकणाचे काही डबे, त्यातले निम्मे पारदर्शक आणि निम्मे आतलं न दिसणारे
- घरात वजनकाटा असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही

1. आधी नुसती नोंद ठेवा

पहिल्या आठवड्यात काहीही बंद करू नका. जेवणाव्यतिरिक्त काही खाल्लं की एक ओळ लिहायची: किती वाजता, काय, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं आणि त्या वेळी नेमकं काय हवंसं वाटत होतं. ‘काहीतरी खावंसं वाटलं’ एवढ्यावर थांबू नका. कुरकुरीत हवं होतं? गोड? खारट? गार? की नुसता हाताला चाळा हवा होता? नोंद अशी दिसेल: ‘साडेपाच, चिप्स, दुपारचं जेवण साडेबाराला, कुरकुरीत-खारट हवं होतं, काम अडलं होतं.’

या एका ओळीत दोन गोष्टी सापडतात. जेवणाला पाच तास झाले होते, म्हणजे ती भूकच होती. आणि हवं होतं ते कुरकुरीत, म्हणजे तिथे मऊ केळं ठेवून भागणार नाही. आठवडाभराच्या नोंदी एकाखाली एक वाचल्यात की तुमच्या मोहाच्या दोन-तीन ठरलेल्या वेळा आणि एक-दोन ठरलेल्या चवी समोर येतील. पुढची सगळी खरेदी याच वेळांसाठी आणि याच चवींसाठी करायची आहे.

झोपेचाही एक शब्द लिहून ठेवा. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हॉर्मोन) वाढतं आणि पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, असं काही प्रयोगांत दिसलं आहे. जागरणानंतरच्या दिवशी वखवख जास्त असेल, तर त्यात तुमच्या मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही.

2. बिलं काढा आणि खुणा करा

जुन्या बिलांवर तीन प्रकारच्या खुणा करा: यादीत लिहून घेतलेलं, दुकानात दिसलं म्हणून घेतलेलं आणि ‘ऑफर होती’ म्हणून घेतलेलं. चटकमटक पदार्थ बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात सापडतात. तुमचा मोह कोणत्या गटातला आहे ते कळलं की खालच्यापैकी कोणत्या पायरीवर जास्त मेहनत घ्यायची तेही कळेल.

3. यादी जेवणापासून सुरू करा

खाऊवर ताबा मिळवायचा म्हणून लोक थेट खाऊला हात घालतात. मी मात्र आधी जेवणाकडे बघायला सांगेन. सकाळी घाईत दोन घास, दुपारी हलकंफुलकं काहीतरी, आणि मग संध्याकाळी पोट ओरडतं. त्याला आपण मोह म्हणतो, पण ती सकाळपासूनची थकबाकी असते. नोंदीत चार-पाच तासांच्या फटी वारंवार दिसत असतील, तर आधी जेवणाचं सामान नीट भरा: प्रत्येक जेवणात काहीतरी प्रथिनांचं (अंडी, कडधान्यं, दही, मासे, तुमच्या घरी जे चालतं ते) आणि काहीतरी चोथ्याचं (भाज्या, सालीसकट फळं, अख्खी धान्यं).

पाकिटातलं अन्न जास्त खाल्लं जातं हा निव्वळ समज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी 20 जणांना दवाखान्यातच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं अन्न दिलं. 2019 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही वेळा समोर मांडलेल्या अन्नात कॅलरी, साखर, मेद, चोथा आणि मीठ सारखंच होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. तरी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, शिवाय भराभर खात होती. म्हणून यादीतला पहिला अर्धा भाग जेवणाचाच असू द्या. तो पक्का झाल्याशिवाय खाऊच्या भागाकडे वळू नका.

4. खाऊ लिहा, पण चव ओळखून

यादीत खाऊ अजिबात लिहायचा नाही, असं ठरवणारे दुकानातून हमखास काहीतरी उचलून आणतात. त्यापेक्षा नोंदीतल्या चवीला जवळचं काय ते आधीच ठरवा:

- कुरकुरीत-खारट: घरी फोडलेले पॉपकॉर्न, भाजलेले दाणे, गाजर-काकडीचे लांब तुकडे आणि सोबत दह्याची चटणी
- गोड: पिकलेलं फळ, थोडा सुका मेवा, साधं दही आणि त्यात फळाचे तुकडे
- गार: गोठवलेली द्राक्षं किंवा केळ्याच्या चकत्या
- पोटभरीचं: उकडलेलं अंडं, उकडलेला बटाटा, उकडलेली कडधान्यं

उकडलेला बटाटा पाहून दचकू नका. 1995 साली सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी 38 पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ सुमारे 240 कॅलरींचा देऊन पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते मोजलं. पांढऱ्या ब्रेडला 100 गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला 323 म्हणजे सगळ्यात जास्त गुण मिळाले. संत्र्याला 202, सफरचंदाला 197, पॉपकॉर्नला 154, अंड्यांना 150. बटाट्याच्याच चिप्सना 91 आणि लोण्याच्या क्रोसाँला (पापुद्र्यांचा फ्रेंच पाव) 47, सगळ्यात कमी. एकच बटाटा उकडला तर पोट भरतो आणि पातळ काप करून तळला तर पोटाला कळतही नाही.

त्याच यादीत शेंगदाण्यांना 84 गुण आहेत, हेही लक्षात घ्या. दाणे पौष्टिक आहेत, पण 240 कॅलरींचे दाणे म्हणजे जेमतेम मोठी मूठ, आणि ती बघता बघता संपते. ते वाटीत काढून खायचे, पाकिटातून कधीच नाही.

आणखी एक सापळा इथेच आहे. ‘पौष्टिक’ म्हणून जे घ्याल ते तुम्हाला आवडतं का, हे आधी बघा. न आवडणारी बिस्किटं फडताळात तशीच पडून राहतात, मोह झाला की जुनंच पाकीट येतं, आणि पैसे दोनदा जातात. नवा पदार्थ आधी सगळ्यात लहान पाकिटात आणून चाखा.

5. पोट भरलेलं असताना जा

‘उपाशीपोटी बाजारात जाऊ नये’ हे आपण ऐकलेलं असतं आणि तरी ऑफिस सुटल्यावर थेट दुकानात शिरतो. भुकेल्या माणसाला आठवड्याची खरेदी करतानाही फक्त आत्ताची भूक दिसते. 1998 साली डॅनियल रीड आणि बार्बरा व्हॅन लीउवेन यांनी नोकरदारांना एक आठवड्यानंतर मिळणारा खाऊ आजच निवडायला सांगितला. निवडताना जे भुकेले होते, त्यांनी फळांऐवजी चिप्स-चॉकलेटसारखे पदार्थ जास्त निवडले, खायचं आठवड्याने असूनही. आणि प्रत्यक्ष खाऊ हातात द्यायची वेळ आली तेव्हा आधी फळ निवडलेल्यांपैकीही अनेकांनी मन बदललं.

यातून दोन नियम निघतात. खरेदी जेवणानंतरच्या तासाभरात करा. ते जमतच नसेल तर निघताना एखादं फळ किंवा उकडलेलं अंडं खाऊन निघा. आणि ऐन वेळी मन बदलणारच असं धरूनच खरेदी करा, म्हणजे बदललेल्या मनाच्या हाताशी घरात काहीच नसेल.

6. दुकानातली वाट ठरवून घ्या

स्वतः सामान उचलायची दुकानं आली 1916 साली, अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्सने पहिलं उघडलं. त्याआधी गिऱ्हाईक काउंटरवर यादी द्यायचं आणि दुकानदार सामान काढून द्यायचा. 1937 साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमनने चाकाची ट्रॉली आणली, कारण हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवत होते. हे माहीत असलं की एक साधी गोष्ट सुचते: सामान थोडं असेल तर ट्रॉली घेऊच नका. हाताला वजन लागू द्या.

आत शिरल्यावर ताज्या मालाकडून सुरुवात करा, यादीप्रमाणे चला, आणि खाऊच्या रांगेत यादीत नाव असेल तरच वळा. ‘नवीन काय आलंय ते बघू’ म्हणून त्या रांगेतून चक्कर मारणं, हीच ती जागा जिथे यादी मोडते.

बिलाच्या रांगेत आणखी सावध राहा. तिथे उभं राहावंच लागतं, हात मोकळे असतात आणि छोटी पाकिटं हातभर अंतरावर लावलेली असतात. या मांडणीचा जोर सरकारांनाही मान्य करावा लागला आहे. अमेरिकेतल्या बर्कली शहराने 2020 साली मोठ्या दुकानांच्या बिल-काउंटरपाशी काय ठेवावं याचा नियम केला. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 पासून जास्त साखर, मीठ आणि मेदाचे ठरावीक पदार्थ मोठ्या दुकानांत दाराशी, रांगांच्या टोकाला आणि बिलाच्या जागी मांडायला बंदी आहे. तुमच्याकडे असा नियम नसेल तर तो स्वतःपुरता करून टाका: बिलाच्या रांगेत उभं राहिल्यावर काहीही नवं उचलायचं नाही. कितीही छोटं असलं तरी नाही.

‘एकावर एक फ्री’ फक्त साबण, तांदूळ, टिश्यू अशा गोष्टींवर घ्या. खाऊवर ती घेतलीत की दुसरं पाकीटही त्याच आठवड्यात संपतं.

7. पाकीट उलटं करून वाचा

पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरांत लिहिलंय ती जाहिरात. तुमच्या कामाचं सगळं मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतं. सुरुवातीला एका पाकिटाला दोन मिनिटं लागतील, मग सवयीने काही सेकंदांत होईल.

*घटकांची यादी:* घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तिनांत साखर किंवा तेल असेल तर पुढे काहीही लिहिलेलं असो, ते पाकीट साखरेचं किंवा तेलाचं आहे. साखर वेगवेगळ्या नावांनीही येते: ग्लुकोज सिरप, फ्रुक्टोज, डेक्स्ट्रोज, इनव्हर्ट सिरप, मध, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट. तीन नावांत विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि साखर कमी असल्यासारखी वाटते. सगळी नावं मनातल्या मनात एकत्र करा.

*आकडे कशाचे आहेत:* इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. समजा, 200 ग्रॅमचा बिस्किटांचा पुडा आहे. ‘एका वेळच्या प्रमाणात’ साखर 6.25 ग्रॅम लिहिली आहे. वाटतं, फार नाही. पण एका वेळचं प्रमाण 25 ग्रॅम धरलंय, म्हणजे दोन-तीन बिस्किटं. 100 ग्रॅमला साखर झाली 25 ग्रॅम आणि अख्ख्या पुड्यात 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, आणि 5 टक्क्यांहून कमी असेल तर आणखी बरं. 2000 कॅलरींच्या आहारात 10 टक्के म्हणजे 200 कॅलरी. एक ग्रॅम साखर 4 कॅलरी देते, म्हणजे 50 ग्रॅम. तो एक पुडा म्हणजे दिवसाची कमाल मर्यादा, तीही चहातली साखर न धरता.

त्यामुळे तुलना नेहमी 100 ग्रॅमच्या रकान्यात करा. ब्रिटनच्या सिग्नलरंगी लेबलांचे निकष पाठ करायला सोपे आहेत. 100 ग्रॅममध्ये साखर 22.5 ग्रॅमपेक्षा जास्त, मेद 17.5 ग्रॅमपेक्षा जास्त किंवा मीठ 1.5 ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर तांबडा रंग, म्हणजे प्रमाण जास्त. साखर 5, मेद 3 आणि मीठ 0.3 ग्रॅमपर्यंत असेल तर हिरवा, म्हणजे कमी. हे तीन-तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

*मीठ:* काही लेबलांवर मिठाऐवजी सोडियम लिहितात. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. प्रौढांनी दिवसभरात एकूण 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

*पुढच्या बाजूचे शब्द:* ‘मल्टीग्रेन’ म्हणजे एकापेक्षा जास्त धान्यं, ती अख्खी असतीलच असं नाही. ‘बेक्ड’ म्हणजे तळलेलं नाही, पण पिठात तेल किती मळलंय ते मेदाच्या रकान्यातच दिसेल. ‘लो फॅट’ दिसलं की त्याचंच साधं पाकीट शेजारी धरून दोघांची साखर बघा. ‘वरून साखर नाही’ लिहिलेल्या पाकिटात फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट आहे का ते शोधा.

8. मनापासून आवडणारी एक गोष्ट घ्या, पण लहान पाकिटात

चॉकलेट जीव की प्राण असेल तर ते यादीत लिहा. कायमची बंदी घातलेल्या पदार्थाचाच विचार डोक्यात घोळत राहतो. अट एवढीच की आठवड्याला एक प्रकार आणि सगळ्यात छोटं पाकीट.

छोटं का? 2004 साली बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी दुपारच्या वेळी लोकांना 28 ग्रॅमपासून 170 ग्रॅमपर्यंत पाच आकारांची चिप्सची पाकिटं दिली. पाकीट जेवढं मोठं, तेवढं खाणं वाढत गेलं, आणि रात्रीच्या जेवणात त्याची पुरेशी भरपाई झाली नाही. मोठं पाकीट ग्रॅममागे स्वस्त पडतं हे खरं. पण ते महिनाभर पुरलं तरच स्वस्त, आणि खाऊचं पाकीट महिनाभर पुरत नाही.

एकच प्रकार का? एका चवीचा कंटाळा येऊन माणूस थांबतो, पण दुसरी चव समोर आली की पुन्हा खाऊ लागतो. चार प्रकारची अर्धी-अर्धी पाकिटं घरात असणं हे एका मोठ्या पाकिटापेक्षा वाईट.

9. ऑनलाइन मागवत असाल तर

ऑनलाइन खरेदीत रांगा आणि वास नसतात, यादी धरून चालणं सोपं जातं, म्हणून मला ती पद्धत पटते. पण तिचे सापळे निराळे आहेत. ‘आणखी एवढ्याचं घ्या, डिलिव्हरी मोफत’ असं आलं की लोक खाऊने रक्कम भरतात. त्यासाठी टिकाऊ वस्तूंची एक वेगळी यादी तयार ठेवा (डाळी, साबण, भांडी घासायचं द्रव) आणि रक्कम त्यातूनच भरा. ‘पुन्हा मागवा’ हे बटण जुनी टोपली जशीच्या तशी भरतं, जुन्या सवयींसकट, म्हणून पहिल्यांदा नवी यादी स्वतः बनवून जतन करा. अ‍ॅपकडून फोनवर येणाऱ्या सूचना बंद करा. काही मिनिटांत घरपोच देणारी अ‍ॅप फोनच्या पहिल्या पानावरून काढा, जमलं तर त्यांत साठवलेलं कार्डही काढून टाका. घरातलं फडताळ रिकामं ठेवून दुकान खिशात बाळगण्यात अर्थ नाही.

10. पिशवी रिकामी करतानाच अर्धं काम उरका

आणलेली फळं-भाजी पिशवीतच राहिली तर मोहाच्या वेळी ती धुवायला-चिरायला कोण जाणार? घरी आल्या आल्या फळं धुवून डोळ्यांसमोर ठेवा, गाजर-काकडी चिरून पारदर्शक डब्यात, फ्रिजच्या नजरेसमोरच्या कप्प्यात. अंडी उकडून ठेवा. दाण्यांच्या मोठ्या पाकिटाच्या लगेच मूठ-मूठभर पुड्या करा. आवडीचं चॉकलेट मात्र न दिसणाऱ्या डब्यात, सगळ्यात वरच्या फळीवर. स्टूल घ्यावं लागलं पाहिजे.

11. घरातल्या इतरांचं काय?

घरात मुलं, आई-वडील, जोडीदार असतील तर सगळ्यांवर नियम लादू नका. नियम लादला की लपवाछपवी सुरू होते आणि मुलं ती फार लवकर शिकतात. ज्याचा खाऊ त्याचा वेगळा डबा करा, आणि जो पदार्थ तुम्हाला आवरत नाही तो सोडून दुसरा कोणताही त्यांनी घ्यावा, एवढी विनंती करा. बहुतेक घरांत हे ऐकलं जातं. मुलांना लेबल वाचायला शिकवा. दोन पाकिटांतलं साखरेचं गणित त्यांना खेळासारखं वाटतं आणि मग तीच तुम्हाला दुकानात अडवतात.

कोणी आधी डॉक्टरांशी बोलावं

मधुमेह असेल, गर्भारपण असेल, रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची औषधं चालू असतील, तर खाण्याच्या वेळा आणि पदार्थ बदलण्याआधी डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. खाताना स्वतःवरचा ताबा पार सुटतो, नंतर तीव्र अपराधी वाटतं, लपून खावंसं वाटतं किंवा भरपाई म्हणून उपास घडतात, असं होत असेल तर यादी आणि डबे पुरे पडणार नाहीत. तो उपचाराचा विषय आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. नोंदवही सोबत घेऊन जा, डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते.

पहिल्या खरेदीनंतर

आठवडा संपला की बिल आणि नोंदवही शेजारी ठेवा. न खाता उरलेल्या पदार्थावर काट मारा. मधल्या दिवसात पळत जाऊन काय आणावं लागलं ते लिहा, कारण नव्या यादीतली फट तिथेच असते. बुधवारी चिप्ससाठी बाहेर जावं लागलं असेल, तर पुढच्या यादीत पॉपकॉर्नचे दाणे थोडे जास्त लिहा आणि बुधवारच्या दुपारच्या जेवणात काय कमी पडतंय ते बघा.